नळीच्या वाटेची गाडी

मुलुंडला फिरायला म्हणून कुणी येत नाही. तरी थंडीतल्या रविवारी, उजाडायच्या आत, नाक्यावरच्या पुलाखाली पाठीवर सॅक घेतलेली माणसं जमतात, कारण डोंगराकडे जाणाऱ्या मिनीबस तिथूनच सुटतात. त्यातली एक रुचिराची. चौदा माणसं, दोन दोर आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारी चढण.

सुटताना मोजायची डोकी तिने त्या दिवशी घाईत मुरबाडला मोजली, तर पंधरा! शेवटच्या सीटवर, पांढरेशुभ्र बूट घातलेला एक अनोळखी तरुण खुशाल झोपला होता.

“ओ, तुम्ही कोण?”

तो दचकला. “आकाश... दिंडोशीहून आलोय. हुरडा पार्टीला. कर्जत ना?”

“कर्जतची गाडी मागे उभी होती. झोपेत चढलात?”

“वाट लागली!” तिच्याकडे बघून तो हसलाच. “मग हुरडा नाही?”

“धापा आहेत. पोटभर.”

कातळाच्या टप्प्यावर त्याचे पांढरे बूट घसरले. रुचिराने त्याच्या कमरेला दोर बांधला.

“खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ.”

“ते तर... सकाळपासून चालूच आहे.”

मेला! तिने गाठ जरा जास्तच आवळली.

त्यानंतर त्याने एक रविवार चुकवला नाही. परतल्यावर नाक्यावर दोघांचा चहा व्हायचा, नजरा भिडायच्या आणि बोलणं मात्र बुटांवर आणि दोरांवर.

इकडे अण्णांनी लेकीसाठी पवईचं स्थळ आणलं. मुलाची अट एकच – लग्नानंतर डोंगर बंद. तिला न विचारता अण्णांनी ती कबूलही केली! पाहुणे रविवारी अकराला येणार होते. त्या रविवारी पहाटे पाच वाजता रुचिरा नाक्यावर हजर होती. फोन वाजला.

“रुचे, खंय आसस? माणसां येतली ना!”

“अण्णा, त्यांना येऊ नका म्हणून सांगा.”

“आणि कारण काय सांगू?”

आकाश टपावर दोर बांधत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज मुळीच खाली आणला नाही. “मुलगा मी पाहिलाय. दिंडोशीचा. कांबळे.”

गाडीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“आपल्यातलो नाय तो,” अण्णा म्हणाले.

“नसू दे. मला हवाय. आणि डोंगरही सोडणार नाही, अण्णा.”

फोन कट झाला. अण्णांशी ती असं कधीच बोलली नव्हती.

आकाश खाली उतरला. “मला... विचारलं नाहीस?”

“तू बोललास कधी? दोन महिने नुसता चहा ढोसतोयस!”

“घाबरत होतो यार. आडनावाला नाही – तुला.”

“आणि आता?”

“आताही. पण आवडतेस... खूप.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही तिने रागानेच पुसलं. “संध्याकाळी घरी येशील? अण्णा हाकलून देतील.”

“येणार. हाकललं तर पुढच्या रविवारी पुन्हा येईन.”

“रविवारी डोंगर असतो.”

“मग सोमवारी!”

रुचिराने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.