दोन दारांच्या मधली जागा

"हा घेऊ नका!"

चष्मेवालीचा हात पिंजऱ्यावर तसाच राहिला. पक्ष्यांच्या दुकानात तिला हटकणारा कोण हा शहाणा? वळून बघते तर खांद्यावर तारेच्या जाळीचं भेंडोळं घेतलेला एक लांबुळका माणूस. केसांत लोखंडाचा भुसा, शर्टाचं एक बटण गायब. डोळे मात्र... बरे होते.

"का? चांगला उंच आहे की. वर घुमटसुद्धा आहे."

"फिंच ठेवणार ना? अंगठ्याएवढे पक्षी ते, हेलिकॉप्टर आहेत का सरळ वर चढायला? आडवे उडतात. त्यांना लांबी हवी. घुमट आपल्या हौसेचा."

"तुम्हाला फार कळतं!"

"मीच बनवलाय तो."

दुकानदारानं कपाळावर हात मारला. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना दिवसभर "छान दिसतोय हो" असं खोटं सांगून जिची जीभ झिजली, तिला आपल्याच मालाला नावं ठेवणारा माणूस पहिल्यांदा भेटला. ती तिथल्या तिथे विरघळली. तोंडानं मात्र ठसक्यात म्हणाली, "मग उद्या घरी या, माप घ्या."

घर तिच्या आत्याचं. आत्यानं जाळीवाल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बैठकीची एक भिंत दिली. उजेड भरपूर, पण ऊन थेट येत नाही. स्वयंपाकघर लांब, म्हणजे फोडणीचा धूर नाही. जाळीवाला खूश झाला.

"करंगळी द्या तुमची."

"कशाला?" चष्मेवालीचे कान तापले.

"जाळीत घाला. करंगळी गेली तर पक्ष्याचं डोकंही जाईल."

करंगळी नखापुढे गेली नाही. पण त्यानं धरलेला हात मागे घ्यायची दोघांनाही घाई नव्हती.

पिंजरा कसला, माणूस उभा राहील अशी खोलीच होती ती! एकामागे एक दोन दारं आणि मध्ये चिंचोळी जागा. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे पक्षी निसटत नाही. आठ दिवसांचं काम तीन आठवडे चाललं. कधी जस्ताचा अंश पक्ष्यांच्या पोटात जाऊ नये म्हणून जाळी व्हिनेगरनं पुन्हा धुवायची, कधी बसायच्या फांद्या एकाच जाडीच्या झाल्या म्हणून बदलायच्या.

"एवढ्या वेळात तुझ्या बापानं घर बांधून, भाड्यानं देऊन, भाडेकरूशी भांडणही उरकलं असतं," आत्या भाचीला म्हणाली.

आणि तो दिवस आला. भोकं पाडलेल्या खोक्यात चार फिंच, आणि चष्मेवालीच्या छातीत पाचवा! काम आज संपणार. उद्या हा कशाला येईल?

दोघं खोकं घेऊन मधल्या जागेत शिरली. मागचं दार लागलं, खट्! पुढचं उघडलं, खोकं उघडलं, आणि भुर्रर्र... या टोकापासून त्या टोकाला!

"आडवे! अहो, आडवेच उडाले!" तिनं आनंदानं त्याचा दंडच धरला.

पुढचं दार लावून तो परत फिरला, बाहेरच्या दाराला हात लावला आणि पांढराफटक पडला.

"कडी... आपोआप पडते. आणि उघडायची सोय फक्त बाहेरून ठेवलीय मी. काम करताना दार कायम उघडंच असायचं, लक्षातच आलं नाही."

"तीन आठवडे काय मापं घेत होता मग?"

"मापांकडे लक्ष नव्हतं माझं."

"कुठे होतं?"

जागा एवढीशी, की त्याचा श्वास तिच्या कपाळावरच्या बटेला लागत होता. "उद्यापासून यायला कारण उरलं नाही... म्हणून मी—"

"आत्या, कडी काढ ना!" ती घाबरून ओरडली.

आत्या समोरच खुर्चीवर बसली होती. उठली नाही. "काढते. आधी त्याला पुरतं बोलू दे. वाक्य अर्धं सोडून बाहेर येणारा माणूस माझ्या घरात चालायचा नाही."

जाळीवाल्यानं विचारून टाकलं, "माझ्याशी लग्न कराल?"

चार फिंच एका फांदीवर ओळीनं बसून बघत होते.

"करीन," चष्मेवाली म्हणाली. "पण घुमट नको हं कुठे."

लग्नाला दोन वर्षं झाली, तरी आतून उघडणारी कडी अजून बसलेली नाही. रोज सकाळी दोघं दाणे घालायला आत जातात, आणि खुर्चीवरून आत्या विचारते, "झालं का रे बोलून? काढू कडी?"