घरचं कोण?

ओसियेक शहरातल्या त्या शाळेत आमचा दारू सोडणाऱ्यांचा क्लब भरायचा तो पहिलीच्या वर्गात. खुर्च्या सगळ्या बोटभर. मोठ्या माणसाला बसता येईल अशी एकच, आणि तिच्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा, एक त्याचा.

"माझ्या बाबांना हवीय," मी म्हटलं.

"माझ्या मावशीला," तो म्हणाला. ओल्या केसांतलं पावसाचं पाणी त्याच्या नाकावर ओघळत होतं आणि तो पुसत नव्हता... हात खुर्चीवरून काढावा लागला असता ना!

खुर्ची मावशीला मिळाली. यूल्कामावशींचं नाक लालबुंद, आवाज खणखणीत. क्लबचा रिवाज असा, की पिणाऱ्याने एकट्याने यायचं नाही. घरचं कुणीतरी शेजारी हवंच. पितो एक, भोगतं सगळं घर, म्हणून सुटायचंही सगळ्या घराने. तेव्हा ही पिणारी आणि हा गुणी भाचा सोबतीला, असं मी धरूनच चालले. मावशींचा हात हातात घेऊन म्हणालेसुद्धा, "धीर सोडू नका हं. माझे बाबाही सुटलेच की!"

"बरं हो," मावशी शिंकत म्हणाल्या. "पण मला नुसती सर्दी झालीय गं."

गोलात खसखस पिकली. क्लब चालवणाऱ्या दानित्साबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पिणारं कोण, घरचं कोण?"

तो उठला. "मी लोव्रो. पिणारा मी. आज प्यायलो नाही. घरची ही मावशी."

माझं हसू कुठच्या कुठे गेलं. दारुड्याची मुलगी झाले तेवढं पुरे, दारुड्याची बायको व्हायचं नाही, हे मी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. आणि हा मला आवडला होता, अगदी त्या खुर्चीपासून!

पुढे दर गुरुवारी मी त्याच्याकडे न बघण्याचा सराव केला.

"तू माझ्याकडे बघत नाहीस," एकदा ट्रामच्या थांब्यावर तो म्हणाला.

"तुझ्या डब्यातल्या मावशींच्या गोड श्त्रुडेल-रोलकडे बघतेय."

"घे ना. मनुका चहात भिजवल्यात. रमचा थेंब नाही."

"आणि तुझ्यात?"

"माझ्यातही नाही... आजपर्यंत. उद्याचं मी कुणालाच सांगत नाही, तिहाना. तुलाही नाही."

शपथ घातली असती तर मी पाठ फिरवली असती. बाबांच्या शपथा ऐकतच मी मोठी झाले होते. मी एक तुकडा घेतला. मग दुसरा. "हावरट!" तो म्हणाला, आणि मला फार बरं वाटलं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी तो आला नाही. मावशीही नाहीत, फोनही बंद. प्रत्येकाची पाळी येऊन गेली, पण माझे कान दाराशीच. रस्त्यावरच्या प्रत्येक गुत्त्यात मी त्याला मनातल्या मनात बसवून आले. बघ, मी स्वतःला म्हटलं, पुन्हा तेच नशिबी!

तेवढ्यात दार उघडलं. लोव्रो एकटाच, कोटावर बर्फ, धापा टाकत.

मी कधी उठले कळलंच नाही. दारातच त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि वास घेतला... लहानपणी बाबा घरी आले की मी घ्यायचे तसाच. मग भान आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो मात्र हलला नाही. "नीट घे," हळूच म्हणाला, आणि त्याने माझ्या चेहऱ्यावर लांब श्वास सोडला. "कधीही घेत जा."

संत्र्याचा वास होता. नुसता संत्र्याचा!

"मावशी बाजारात बर्फावरून घसरली," तो सगळ्यांना म्हणाला. "पायाला प्लास्टर घातलंय. हॉस्पिटलात मला संत्री सोलायला लावली, वर शिव्या घालून इकडे पिटाळलं. फोन केव्हाच मेला होता."

"मग बस," दानित्साबाई म्हणाल्या. "पण... घरचं कोण?"

तो बसला आणि त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

दानित्साबाईंनी चष्मा वर केला. "तू तुझ्या बाबांची ना? एकच माणूस दोघांचं घरचं कसं चालेल?"

मी बाबांकडे बघितलं. ते त्या बोटभर खुर्चीवरून कुरकुरत उठले आणि लोव्रोच्या शेजारी एक जागा सोडून बसले. मधली खुर्ची माझ्यासाठी ओढली.

"घर एकच असेल तर चालतं," ते म्हणाले.

मी बसले. लोव्रोचा गार हात माझ्या हाताशी आला, आणि या वेळी दोघांनीही काढून घेतला नाही.