चार वाजून दहा मिनिटं

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची. मी थापाडी आहे असं वर्गातल्या सगळ्या म्हणतात, पण यात माझ्या पदरचं काहीही नाही.

गेल्या महिन्यातला गुरुवार. दुपारचे चार वाजत आलेले. इंटरनेट कंपनीच्या मशीनच्या खोलीत मामा एकटाच होता.

तिथे एक लोखंडी कपाट आहे. आपल्या भागातले लोक जे व्हिडिओ बघतात, त्यांच्या नकला त्यात साठतात. म्हणजे दर वेळी लांबून आणायला नकोत, व्हिडिओ अडकायला नको. नियम एकच. दोन दिवस कुणी मागितली नाही, की नक्कल आपोआप पुसली जाते.

मामा यादी चाळत होता. आणि त्याचा हात थबकला...

ताईचा व्हिडिओ!

ताई म्हणजे त्याची मुलगी. वर्षापूर्वी गेली. मामी खाणंपिणं सोडून तिचं गाणं बघत बसायची. शेवटी सहा महिन्यांपूर्वी मामाने काळजावर दगड ठेवून तो व्हिडिओ इंटरनेटवरून काढून टाकला. घरचं नेटही तोडलं.

पण रोजच्या हाताखालचं हे कपाट मात्र तो साफ विसरला.

सहा महिने ती नक्कल कुणीतरी मागत होतं. एक दिवस खाडा नाही. रोज चार दहाला... ताई शाळेतून यायची तेव्हा.

मागणी कुठून? मामाच्याच घरातून.

त्याने मामीला फोन लावला.

"तू परत बघतेयस ना? खरं सांग."

"अहो, कशावर बघू, कपाळावर? नेट तुम्हीच तोडलंत ना!"

मामाने घड्याळाकडे बघितलं.

चार नऊ.

चार दहा...

मागणीचा आकडा एकाने वाढला.

त्याने नक्कल उघडली. तेच गाणं. तोच निळा फ्रॉक. शेवटी ताई लाजून म्हणायची, "बाबा, बंद कर ना आता!" मामाला ते तोंडपाठ होतं.

गाणं संपलं. ताईने समोर बघितलं... लाजली नाही.

"बाबा, बंद नको करूस."

कपाट आता जुनं झालंय. या शुक्रवारी ते बंद करायचं, असा साहेबांचा हुकूम आहे. बटण मामानेच दाबायचंय. मामीला त्याने यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही.

काल तो लवकर घरी आला. मामी कपड्यांच्या घड्या घालत होती.

चार दहा.

ताईच्या खोलीचं दार... आतून लोटलं गेलं.

मामीने मानही वर केली नाही.

"आली वाटतं," एवढंच म्हणाली.

आज गुरुवार आहे. माझं लक्ष सारखं घड्याळाकडे जातंय.