चोवीस खिडक्या

"ओ पावणं, बाजूला व्हा की!"

पुण्यात पाच वर्षं काढूनही राग आला की माझ्या तोंडून माझं गाव, शिरोळ, बाहेर पडतंच. माझ्या कॅमेऱ्यासमोर, हॉटेलच्या ऐन दारात, खांद्यावर शिडी घेऊन एक जण उभा होता. तो वळला... आणि हसला.

"पावणं तर तुमी हायसा, म्याडम. मी हितलाच."

तो वसीम. हॉटेलच्या दिव्यांचं सगळं काम त्याच्याकडे. आणि मी मुबशिरा. मोठमोठ्या हॉटेलांचे फोटो काढते. पन्हाळा रोडवरचं हे नवं पंचतारांकित हॉटेल टिपायला आले होते.

एक खास फोटो मला हवा होता. सूर्य बुडाल्यावर आकाश जेमतेम पंधरा मिनिटं गर्द निळं राहतं. तेवढ्या वेळात दर्शनी चोवीसही खिडक्या उजळायला हव्यात, आणि अंगणातल्या ओल्या फरशीत त्यांची प्रतिबिंबं दिसायला हवीत. खोलीत कार्ड खोचल्याशिवाय दिवे लागत नाहीत, म्हणून प्रत्येक खोलीत एक माणूस.

"पण खिडकीत कुणी दिसता कामा नये," मी बजावलं.

"सावलीबी दिसनार न्हाय," वसीम म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी पाच खिडक्या पांढऱ्या उजळल्या, बाकीच्या पिवळ्या. सगळा विचका! दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर हा शिडीवर, घामानं चिंब, एकेक दिवा बदलतोय.

"एवढं कशाला? रंग मी कॉम्प्युटरवर बदलला असता."

"बदलला असता की. पर काल तुमचा चेहरा पडलेला... बगवला न्हाय मला."

मी, एरवी कुणाला बोलू न देणारी, त्याची शिडी धरून उभी राहिले.

त्या संध्याकाळी फोटो असा सुरेख आला की बस! म्हणजे काम संपलं. उद्या शिरोळला आईला भेटायचं, मग पुणं. तरी मी कॅमेरा आवरायला घेईना. तेवढ्यात वसीम धावत खाली आला.

"जमला?"

कामात कधी खोटं न बोलणारी मी म्हणाले, "हलला... उद्या पुन्हा काढावा लागेल."

त्यानं कॅमेऱ्याखालच्या तीन पायांच्या भक्कम तिकाटण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"काढू की," तो म्हणाला.

तिसरी संध्याकाळ. "फरशीला कोंब फुटतील गं आता," असं म्हणत सफाईच्या शालूबाईंनी पुन्हा पाइप धरला. आकाश निळं झालं. खिडक्या एकेक करून उजळत गेल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मधल्याच खिडकीत वसीम उभा!

मी फोन लावला. "बाजूला व्हा!"

"न्हाय."

"वसीम, दहाच मिनिटं उरलीत!"

"कालचा फोटो चांगला आलाय," तो हळूच म्हणाला. "तिकाटण्यावरचा कॅमेरा हलतो व्हय, म्याडम?"

माझे कान तापले. "ओळखलं होतंत... तरी आज एवढी माणसं उभी केलीत?"

"मलाबी आजची संध्याकाळ पायजेच हुती की." मग एका दमात तो म्हणाला, "उद्या तुमी गेलासा की ऱ्हाऊन जाईल, म्हनून इचारतो. अम्मीला घिऊन शिरोळला येऊ का... तुमच्या घरी? न्हाय म्हनालासा तरी बाजूला होतो. फोटो खराब करनार न्हाय."

आकाश काळवंडत चाललं होतं. शिडीवर बेधडक चढणारा हा माणूस वर पडद्याची कड घट्ट धरून उभा होता. मला तो आवडला होता. इतका, की तीन दिवस म्हणजे किती थोडे, हेही मला आठवेना.

"हलू नका," मी म्हणाले.

"आं?"

"तसेच उभे राहा." एका हातात फोन, दुसऱ्या हातानं मी बटण दाबलं. "आणि रविवारी या. आई घरीच असते."

हॉटेलला मी दुसऱ्या दिवशीचा फोटो पाठवला. त्यांना फार आवडला.

तिसऱ्या दिवशीचा आमच्या घरात दाराशेजारी लावलाय. एका हातानं बटण जरा जोरातच दाबलं गेलं ना... तो मात्र खरंच हललाय.