डोळ्यातला शेवटचा ठिपका

या, जरा जवळ सरका. हॉलंडमधल्या हार्लेम गावच्या एका चित्रशाळेची गोष्ट सांगतो. गुन्हेगार सापडेल, पण हाती काही लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गावातल्या चोऱ्या-भानगडींचा छडा लावणाऱ्या योहाना स्लॉटच्या दारात तीन्के रडतच आली. लुब्बर्ट मास्तरांकडे ती तैलरंगात चेहरे रंगवायला शिकत होती. एका जुन्या थोर चित्रकाराने आरशात पाहून रंगवलेला स्वतःचा चेहरा होता, त्याची नक्कल ती वर्षभर करत होती. आज सकाळी पाहते तर नकलेतला चेहरा खरवडलेला.

"माझ्याबरोबर शिकणाऱ्या रूलोफचंच काम! काल भांडला माझ्याशी. आज त्याला शाळेतून काढणार आहेत."

योहानाने लाल कोट चढवला. मागून तिचा सोबती बार्ट धापा टाकत निघाला.

मास्तर खिडकीच्या उजेडात उभे होते. योहाना थेट त्यांच्यापुढे जाऊन थांबली.

"कोण?"

"योहाना. दर रविवारी चर्चमध्ये तुमच्याच बाकावर असते."

"अगं, तू होय!" कपाच्या काठाआत बोट धरून त्यांनी कॉफी ओतली.

"हल्ली स्तोत्रं पुस्तक मिटूनच म्हणता, मास्तर?"

"पाठ झालीत."

चित्राशेजारच्या पॅलेटवर सगळ्या रंगांनी साय धरली होती. फक्त पांढरा वाटाण्याएवढा, ताजा. बारीक ब्रश धुऊन, केस वर करून बरणीत ठेवलेला.

"चित्रात राहिलं काय होतं?" योहानाने विचारलं.

"डोळ्यातला उजेडाचा ठिपका," तीन्के म्हणाली. "तो मास्तरच देतात, प्रत्येकाच्या चित्राला. आज माझी पाळी होती."

रूलोफ जिन्यात पिशवी भरून बसला होता. "बाई, मी कॅनव्हास फाडला असता! ब्रश धुऊन ठेवायची अक्कल मला असती, तर मास्तरांनी रोज गाढव म्हटलं असतं का?"

"फार साळसूद बोलतोय," बार्ट कुजबुजला. "हाच."

"बार्ट, वाटोळं करायला आलेला माणूस ताजा पांढरा रंग कशाला पिळेल?" योहानाने सगळ्यांना आत बोलावलं. तिचा आवाज खाली आला. "जो आला तो ठिपका द्यायला आला होता. तो हक्क एकाचाच. आणि त्याला उजेडात समोरचा लाल कोट दिसला नाही, कप बोटाने चाचपावा लागला, पुस्तक उघडून उपयोग उरला नाही. मास्तर, पुढचं तुम्हीच सांगा."

मास्तरांनी कप चाचपत खाली ठेवला.

"ठिपका गालावर पडला," मास्तर म्हणाले. "पुसायला गेलो तर नाकाचा ओला रंगही पुसला गेला. डोळा शोधत राहिलो, पोरी. सापडेना. मग खरवडलं. डॉक्टरांनी हात टेकलेत. कळलं तर शाळेत कोण येईल? म्हणून ह्या गाढवाचं नाव निघालं तेव्हाही गप्प बसलो."

रूलोफने पिशवी खाली ठेवली.

तीन्केला रागावायचं होतं, जमेना. "मी पुन्हा रंगवीन, मास्तर."

"रंगव. आणि ठिपका?"

चेहरा नसलेलं चित्र तसंच उभं होतं.

येत्या रविवारी स्तोत्राला उभे राहाल, तेव्हा लुब्बर्ट मास्तरांची आठवण काढा. मिटलेलं पुस्तक हातात धरून तेही गात असतील.