काचखडीचा चिरा

मी फक्त दादाचा डबा आणायला गेलो होतो.

दुपारची वेळ. नाशिकच्या कडेला पत्र्याची शेड, आत जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या पडद्यांचा ढीग. हिरामण, माझा थोरला भाऊ, ते पडदे क्रशरच्या तोंडात टाकायचा. त्याच्या आधी त्या कामावर एक बाई होती, ती एक दिवस न सांगताच यायची बंद झाली. खाली काचेची खडी पडायची. दगडी खडीऐवजी तीच सिमेंटमध्ये कालवून ठोकळे पाडायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी क्रशरनं त्याचा उजवा हात खांद्यापासून ओढून नेला. दवाखान्यात पोचेपर्यंत दादा राहिला नाही. हात सापडलाच नाही. मशीन थांबेपर्यंत तो खडीबरोबर मिक्सरमध्ये गेला आणि तिथून ठोकळ्यांत.

आम्ही सुरगाण्याकडचे. आमच्याकडं असं अवकाळी कुणी गेलं की शिवेवर त्याचा चिरा बसवतात, त्याच्या नावाचा दगड. मग त्याला टेकायला जागा होते. पण आई अडून बसली.

"अर्धा माणूस चिऱ्यात बसत नाय. उरलेला दारोदार फिरतो. त्याचा हात आण."

तोवर तिनं अन्नाला शिवायचं नाही असं ठरवलं होतं.

मी पोचलो तेव्हा शेडमध्ये लाईट गेली होती. मुकादम झुंबर एकटाच होता. दादाच्याच डब्यात भेळ खात होता.

"डबा दादाचा हाय," मी म्हटलं.

"मग? तो काय जेवायला येतोय का?"

मी डबा हिसकावला. भेळ सांडली.

"त्या दिवशीचे ठोकळे कुठले?"

"सगळे सारखेच, भाऊ. ने एखादा. शेंदूर फास, नारळ फोड. झाला तुझा दादा."

घण भिंतीला टेकून होता. तो कधी उचलला ते मला कळलं नाही. पहिला ठोकळा फुटला, मग दुसरा. आत काळी काच चकाकत होती. मी दादाला हाका मारत होतो आणि फोडत होतो. कपच्या नडगीत घुसल्या, तळहात सोलले, घणाचा दांडा रक्तानं निसटायला लागला.

मग एक बारीक शीळ ऐकू आली. जुना टीव्ही लावला की कानात घुसते तशी. हातावरचे केस उभे राहिले. तापलेल्या धुळीचा वास आला आणि त्याच्याखाली मटणाच्या दुकानातला. पायाशी पडलेल्या काचा उजळल्या. प्रत्येक कपचीत, चॅनल गेलेल्या टीव्हीवर दिसतात तशा पांढऱ्या मुंग्या वळवळत होत्या.

"बंद कर ते..." झुंबर पुटपुटला.

"लाईट कुठंय, झुंबर?"

शेडच्या टोकाला, भिंतीकडच्या ठोकळ्यांच्या थप्पीत आवाज झाला. ठक. थांबून पुन्हा ठक.

झुंबर दाराकडं पळाला. मी त्याची कॉलर धरली, त्याला फुटक्या काचेवर आपटलं आणि घणाचा दांडा तोंडावर हाणला. दोन दात त्याच्याच शर्टावर पडले.

"कोण ठोकतंय?"

"सगळ्यात खालचा ठोकळा... रोज ठोकतो... त्यात हाय तो. घेऊन जा... पाया पडतो..."

"कधीपासून ठोकतो?"

त्याच्या तोंडात रक्ताचे बुडबुडे येत होते.

"त्या दिवशी दादाचा हात आत असताना बटण कुणी दाबलं?"

झुंबरनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. त्यानं पाहिलं म्हणून मी घण तिथंच घातला. पडदा फुटल्यासारखा आवाज झाला. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

खालचा ठोकळा मी गोणपाटात गुंडाळला आणि गावाकडच्या जीपमध्ये मांडीवर घेऊन बसलो. ताप भरलेल्या पोरासारखा तो गरम होता. घाटात तो माझ्या पोटावर आतून ठोकायला लागला. शेजारच्या बाईनं अंग चोरलं.

"दादा," मी वाकून म्हटलं, "थोडं थांब... आलं घर."

दिवस मावळायच्या आत शिवेवर चिरा बसवला. आईनं शेंदूर लावला, नागलीची भाकर ठेवली. घरी येऊन ती जेवली. आम्ही दोघं समोरासमोर भिंतींना टेकून खूप रडलो.

सकाळी आम्ही दोघं पाणी घालायला गेलो तेव्हा चिरा बदलला होता. ओल्या कापडाखाली हात असावा तसा त्याच्या अंगावर आतून पंजा उमटला होता. पाच बोटं, तळवा, मनगट.

"माझं लेकरू..." आई गुडघ्यांवर बसली. तिनं आपला तळवा त्या तळव्यावर ठेवला, बोटांत बोटं घातली. दुसऱ्या हातानं मनगट चाचपत ती हुंदके देत होती.

एकाएकी तिचं रडू थांबलं.

"काळू..."

"काय गं?"

"ह्या हातात... बांगड्या हायेत."

मी आईचा हात धरून ओढला. तो सुटेना.