बाकड्यावरचं उत्तर

पटो न पटो, घडलंय खरं. माझी मावसबहीण यशश्री नाशिकला नोटरी आहे. जुन्या सीबीएस बसस्टँडजवळ पहिल्या मजल्यावर तिची खोली. टेबल, दोन खुर्च्या आणि दाराशी एक लाकडी बाकडं.

गेल्या जानेवारीतली दुपार. लाइट गेलेली. पंखा बंद, त्यामुळे खोलीत चिडीचूप.

सुरगाण्याचा धनराज आला. बरोबर तोंडावर पदर ओढलेली म्हातारी.

"माझी चुलती, चांगुणा. शेत विकायचा अधिकार मला देतेय. शिक्का मारा."

मुखत्यारपत्र तयारच होतं. आधारवरचा फोटो इतका पुसट, की कोणाचाही वाटावा. शिक्का पडला की शेत धनराजच्या हातात.

पण यशश्रीची एक खोड आहे. अंगठा घेण्याआधी ती प्रत्येकाला विचारतेच.

"आजी, कागद समजला ना? मर्जीनं देताय?"

"हो," म्हातारी पुटपुटली.

आणि त्या दोघांच्या मागून, दाराकडून…

"नाय."

यशश्रीनं मान वर केली. बाकडं रिकामं.

तिनं पुन्हा विचारलं. बाकडं करकरलं… कोणी अंग सावरून बसावं तसं.

"नाय."

म्हातारीनं हात मागे घेतला. धनराजनं तो धरून शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर.

कागद कोरा.

पुन्हा दाबला. अंगठा निळाभोर… कागद कोराच.

"मी नाय चांगुणा," म्हातारी एवढंच बोलली आणि धडपडत जिना उतरून गेली.

धनराज मात्र हटेना. "मॅडम, तुम्हाला काय करायचंय? गपचूप शिक्का मारा. इथं रोज एकट्याच बसता तुम्ही."

यशश्रीला बाकड्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त राग आला होता. तिनं शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला, कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली.

"एकटी कुठंय मी? ज्यांचं शेत, त्या नाही म्हणाल्यात. तुम्हीही ऐकलंत."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाकड्यापासून अंग चोरत तो दाराबाहेर पळाला.

पुढच्या आठवड्यात ललिता आली. चांगुणाची लेक. शेतावर वारस म्हणून नाव लावायला प्रतिज्ञापत्र हवं होतं. सोबत आईच्या मृत्यूचा दाखला.

"आई कधी गेल्या?"

"दिवाळीच्या आधीच. धनराजनंच खांदा दिला, मॅडम."

यशश्रीनं दाखल्यावरची तारीख पुन्हा वाचली. तरी खोड ती खोड.

"लिहिलंय ते सगळं खरं आहे ना?"

"हाय," ललिता म्हणाली.

मागून…

"हाय."

ललिता वळली. रिकाम्या बाकड्याकडे बघत राहिली, मग डोळ्यांना पदर लावला.

यशश्रीनं शिक्का मारला. टेबल हललं इतक्या जोरानं.

बाकडं फेकून दे म्हणून घरच्यांनी तिचं डोकं खाल्लं. ती ऐकत नाही. "खोटं आणणाऱ्यानं घाबरावं. मी का?"

म्हणते खरी. पण त्या बाकड्यावर ती स्वतः कधी बसत नाही. आणि अजूनही, समोरचा माणूस 'हो' म्हणाला तरी शिक्का उचलण्याआधी…

ती थोडी थांबते.